गर्भारपणात दात आणि हिरड्यांचे उपचार : बाळंतपणापर्यंत थांबावे का?

अबोली

माझ्या धाकट्या जावेला पाचवा महिना सुरू आहे. ती साताऱ्याजवळच्या गावी असते. तिसऱ्या महिन्यापासून दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त येते आणि आता खालच्या डाव्या बाजूची एक दाढ ठणकू लागली आहे. गार पाणी लागले की कळ थेट कानापर्यंत जाते आणि रात्री आडवे झाले की ठणका वाढतो, त्यामुळे तिला झोप लागत नाही आणि त्या बाजूने चावता येत नसल्याने जेवणही कमी झाले आहे.

गावातल्या दंतवैद्यांनी दाढ पाहिली, कीड खोल गेली आहे असे सांगितले आणि "आता हात लावायला नको, बाळंतपण झाल्यावर या" असे म्हणून परत पाठवले. प्रसूतितज्ज्ञांना विचारले तर त्यांनी दातांचे दंतवैद्यांनाच विचारा असे सांगितले. सासूबाईंचे म्हणणे असे की, बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेते, त्यामुळे दर बाळंतपणाला एखादा दात जायचाच. त्यांचे स्वतःचे तसेच झाले होते.

हिरड्यांतून रक्त येणे या दिवसांत साहजिक मानून सोडून द्यावे का? ठणकणाऱ्या दाढेवर आताच उपचार करून घेतले तर भूल, एक्स-रे आणि औषधे यांमुळे बाळाला काही अपाय होतो का? ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. घरात सगळे गोंधळलेले आहेत आणि सोसावे मात्र तिला एकटीला लागते आहे.

निशिगंध

माझ्या दोन्ही गर्भारपणांत हिरड्यांतून रक्त येत असे. मी काहीही उपचार केले नाहीत आणि दोन्ही वेळा बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते आपोआप थांबले. त्यामुळे रक्ताची फार चिंता करू नये असे मला वाटते. दाढेबद्दल मला अनुभव नाही.

दंतवैद्य_कृष्णाकाठ

अबोलीताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे आजार एकत्र आले आहेत. मी गेली अनेक वर्षे दंतवैद्य म्हणून काम करतो, म्हणून दोन्हींविषयी स्वतंत्रपणे लिहितो.

आधी हिरड्यांविषयी. गर्भारपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे प्रमाण पुष्कळ वाढते. त्यामुळे हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव सहज पाझरतो आणि एरवी ज्या थोड्याशा घाणीवर हिरडी काही तक्रार करत नाही, त्याच घाणीवर ती आता सुजते, लाल होते आणि ब्रश लागताच रक्त येते. गर्भवती स्त्रियांपैकी साधारण ६० ते ७५ टक्के स्त्रियांना हा त्रास होतो. तो बहुधा दुसऱ्या महिन्यापासून जाणवू लागतो, आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि प्रसूतीनंतर कमी होतो. निशिगंधताईंचा अनुभव त्याला धरूनच आहे.

परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. संप्रेरके फक्त सूज वाढवतात. सुजेचे मूळ दातांच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थरात आणि किटणात असते. ज्या स्त्रीचे दात स्वच्छ असतात तिच्या हिरड्या गर्भारपणातही बऱ्याच अंशी नीट राहतात. ज्यांना आधीपासून हिरड्यांचा आजार आहे, त्यांच्या बाबतीत दाताभोवतीचे हाड झिजत जाते आणि ते झिजलेले हाड बाळंतपणानंतर परत येत नाही. रक्त येते म्हणून ब्रश बंद करणे ही सर्वांत मोठी चूक मी रोज पाहतो. ब्रश बंद झाला की थर वाढतो, थर वाढला की सूज वाढते आणि रक्त आणखी येते. मऊ ब्रश, फ्लोराइड असलेली पेस्ट, दिवसातून दोन वेळा आणि एकदा दंतवैद्याकडून किटण काढून घेणे एवढे केले तरी बहुतेक स्त्रियांना आराम पडतो.

आता दाढेविषयी. गार पाण्याने उठणारी आणि रेंगाळणारी कळ, रात्री आडवे पडल्यावर वाढणारा ठणका आणि कानापर्यंत जाणारी वेदना ही लक्षणे दाढेतल्या नसेपर्यंत कीड पोहोचल्याची आहेत. नस एकदा या अवस्थेला गेली की ती स्वतःहून बरी होत नाही. वाट पाहिली तर काही दिवस ठणका थांबल्यासारखा वाटतो, कारण नस मरते. मग मुळाशी पस होतो, गाल सुजतो, ताप येतो. सातव्या-आठव्या महिन्यात तोंड उघडत नाही, जबड्याखाली सूज उतरली आहे आणि गिळताना त्रास होतो आहे अशा अवस्थेत आलेल्या स्त्रीवर उपचार करणे हे आता शांतपणे रूट कॅनाल करण्यापेक्षा कितीतरी अवघड आणि धोक्याचे असते.

चौथ्या ते सहाव्या महिन्यांचा काळ दातांच्या उपचारांसाठी सर्वांत सोयीचा मानला जातो. उलट्या कमी झालेल्या असतात, बाळाचे अवयव घडून झालेले असतात आणि खुर्चीवर आडवे पडणे अजून जड जात नाही. तुमच्या जावबाई नेमक्या याच काळात आहेत. आणि खरे सांगायचे तर ठणका, पस किंवा सूज असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करावेच लागतात, त्यासाठी मुहूर्त पाहायचा नसतो.

जुईली

डॉक्टर, आपण रूट कॅनाल म्हणता, पण त्यासाठी एक्स-रे काढावाच लागतो. गर्भारपणात एक्स-रे काढू नये, हे तर प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले असते. मला हे पटत नाही. बाळाच्या बाबतीत एवढासाही धोका का घ्यावा?

दंतवैद्य_कृष्णाकाठ

जुईलीताई, काळजी रास्त आहे आणि ती पाटी लावण्यामागचा हेतूही योग्य आहे. कारण नसताना कोणाचाच एक्स-रे काढू नये. मात्र पोटाचा एक्स-रे आणि एका दाताचा एक्स-रे यांत फार मोठा फरक आहे. दाताच्या एका छोट्या एक्स-रेतून मिळणारे किरण हे आपल्याला जमीन, हवा आणि आकाशातून सुमारे एका दिवसात मिळणाऱ्या नैसर्गिक किरणांइतके किंवा त्याहून कमी असतात, आणि तेही जबड्याच्या एका ठिपक्यावर रोखलेले असतात. गर्भाशयापर्यंत पोहोचणारा भाग नगण्य असतो. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्पष्ट म्हटले आहे की, दातांची तपासणी, स्वच्छता, भूल आणि गरजेचा एक्स-रे हे सर्व गर्भारपणात सुरक्षित आहे. आपल्याकडे शिशाचे आवरण पोटावर आणि गळ्यावर घालण्याची पद्धत आहे. ते मागून घ्यावे, मनाला निश्चिंती मिळते. रूट कॅनालमध्ये मुळाची लांबी मोजणारे छोटे यंत्रही मिळते, त्यामुळे एक्स-रेंची संख्या कमी करता येते.

भुलीबद्दलही बरीच भीती असते. दात बधिर करण्यासाठी लिग्नोकेन वापरतात. ते नेहमीच्या मात्रेत गर्भवती स्त्रीला देता येते. उलट पुरेशी भूल न देता काम केले तर वेदनेमुळे आईच्या शरीरात जो ताण निर्माण होतो तो कोणालाच हितकारक नाही.

आहार_विचार

सासूबाईंच्या म्हणण्याविषयी मी लिहिते. मी आहारतज्ज्ञ आहे आणि हा समज मला शहरातल्या शिकलेल्या घरांतही भेटतो. बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम घेत नाही. तसे घेण्याची सोयच शरीरात नाही. दाताचे कवच एकदा घडले की त्यातले कॅल्शियम, हाडांतले जाते तसे, रक्तात परत जात नाही. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून येते आणि ते कमी पडले तर आईच्या हाडांतून घेतले जाते.

मग जुन्या बायकांचे दात बाळंतपणांत का गेले? ते गेले हे खरेच आहे, त्यांचा अनुभव खोटा नाही; कारण वेगळे होते. उलट्यांचे आम्ल, सतत थोडे थोडे खाणे, रक्त येते म्हणून दात न घासणे, मशेरी (भाजलेली तंबाखू) लावणे आणि वर्षानुवर्षे न झालेले उपचार, हे सगळे एकापाठोपाठ होणाऱ्या बाळंतपणांत साचत गेले. सासूबाईंना "तुमचे चुकीचे आहे" असे म्हणण्यापेक्षा हे कारण समजावून सांगितले तर त्या अधिक ऐकतील.

कॅल्शियम मात्र घ्यायलाच हवे. शासनाच्या कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज आणि लोहाची ६० मिलिग्रॅमची गोळी १८० दिवस दिली जाते. या दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, निदान दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण कॅल्शियममुळे लोह नीट शोषले जात नाही. नाचणीची भाकरी, तीळ, दूध, दही आणि चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्यासारखे पदार्थ आहारात असावेत. बाळाच्या दुधाच्या दातांचे अंकुर सहाव्या आठवड्याच्या सुमारास धरतात आणि त्यांत क्षार भरायला चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरुवात होते, म्हणून या काळातला आहार बाळाच्या दातांसाठीही महत्त्वाचा आहे.

निशिगंध

आहारताई, नाचणी आणि तीळ समजले, पण मक्याचे उदाहरण आपल्याकडे कोठे करतात? मी तरी ऐकलेले नाही.

आहार_विचार

बरोबर आहे, ती पद्धत मेक्सिकोकडची आहे आणि आपल्या घरांसाठी ते उदाहरण उपयोगाचे नाही. नाचणी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला आणि दूधदुभते पुरेसे आहे.

प्रसूतितज्ज्ञ_वऱ्हाड

मी प्रसूतितज्ज्ञ आहे. अबोलीताईंच्या जावेला दोन दवाखान्यांनी एकमेकांकडे पाठवले हे वाचून वाईट वाटले, कारण हे नेहमी घडते आणि त्यात दोष स्त्रीचा नसतो. आमच्या तपासणीत रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, साखर, सोनोग्राफी सगळे होते, पण तोंड उघडून पाहिले जात नाही. पहिल्याच भेटीत दात-हिरड्यांची विचारपूस व्हायला हवी.

आता औषधांविषयी, कारण खरा धोका मला तेथे दिसतो. दाढ दुखते म्हणून घरातले कोणीतरी औषधाच्या दुकानात जाते आणि दुकानदार दाढदुखीची गोळी देतो. ती बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक किंवा केटोरोलॅक यांपैकी असते. या गटातल्या गोळ्या गर्भारपणात स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. विसाव्या आठवड्यानंतर त्यांमुळे बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिला आहे; शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीती असते. वेदनेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेता येते. जंतुसंसर्ग असेल तर अॅमॉक्सिसिलिनसारखी औषधे देता येतात. टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन टाळतात, कारण त्यांमुळे बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. मात्र पसाचे मूळ दाढेत असताना नुसत्या प्रतिजैविकांवर महिने काढणे हा उपचार नव्हे. औषध संपले की ठणका परत येतो.

दंतवैद्यांना धीर यावा म्हणून प्रसूतितज्ज्ञांकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी. त्यात गर्भाचे आठवडे, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, सुरू असलेली औषधे आणि "स्थानिक भूल देऊन दातांचे उपचार करण्यास हरकत नाही" एवढे वाक्य असले की पुष्कळ अडचणी सुटतात. रक्त पातळ करणारी औषधे किंवा कमी मात्रेतील अॅस्पिरिन सुरू असेल तर ते आवर्जून लिहावे, आणि ती गोळी स्वतःहून बंद करू नये.

तर्कसंगत

हिरड्यांच्या आजारामुळे मूल वेळेआधी जन्मते, असे अनेक जाहिरातींत आणि लेखांत ठासून सांगितले जाते. त्याबद्दल येथे कोणी लिहिलेले नाही. हे खरे आहे की घाबरवण्यासाठी आहे?

दंतवैद्य_कृष्णाकाठ

प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर काळजीपूर्वक द्यायला हवे. १९९६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळे अधिक आढळली. त्यानंतर अनेक अभ्यासांत असा संबंध दिसला, काहींत दिसला नाही. मग प्रश्न उरला की, हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते का? २००६ साली अमेरिकेतच ८२३ गर्भवती स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अर्ध्या स्त्रियांचे हिरड्यांचे उपचार गर्भारपणात केले आणि अर्ध्यांचे प्रसूतीनंतर. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले, म्हणजे १२ आणि १२.८ टक्के.

या अभ्यासातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. दात साफ करून घेतल्याने मूल वेळेवर होईल असे आश्वासन कोणी देऊ नये. आणि गर्भारपणात हिरड्यांवर उपचार केल्याने आईला किंवा बाळाला काहीही अपाय झाला नाही, हिरड्या मात्र स्पष्टपणे सुधारल्या. आईचे तोंड दुखायचे थांबावे, तिला नीट जेवता-झोपता यावे, एवढे कारण उपचारांसाठी पुरेसे आहे. प्रत्येक वेळी बाळाचे नाव पुढे करायची गरज का पडावी, असे मला नेहमी वाटते.

शेवंती

शेवटचे वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आले. खरोखर, गर्भवती स्त्रीच्या दुखण्याला स्वतःची अशी किंमतच राहत नाही.

टेम्सकाठ

मी गेली काही वर्षे लंडनजवळ राहते. येथे गर्भारपण नोंदवले की सुईण एक अर्ज भरून देते आणि त्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्राने सरकारी आरोग्यसेवेतले दातांचे उपचार गर्भारपणात आणि बाळ जन्मल्यानंतर १२ महिन्यांपर्यंत विनामूल्य होतात. मला सुरुवातीला याचे आश्चर्य वाटले, कारण पुण्यात माहेरी असताना दातांचे काही करू नये असेच ऐकत आले होते. येथे सरकारी यादीवरचा दंतवैद्य मिळायला वेळ लागतो ही अडचण आहे, तरी व्यवस्थेचा रोख "आत्ताच करून घ्या" असा आहे. परदेशात असलेल्या मराठी मुलींनी आईच्या फोनवरच्या सल्ल्याने ही सवलत वाया घालवू नये, म्हणून मुद्दाम लिहिले.

केवडा

माझा अनुभव उलट्यांचा आहे. मला पहिले चार महिने इतक्या उलट्या होत असत की पाणीही पोटात ठरत नसे. तोंडाला आंबट-कडू चव असायची म्हणून प्रत्येक उलटीनंतर मी लगेच खसाखसा दात घासायचे. पुढे वरच्या दातांच्या आतल्या बाजूचे कवच पातळ झाल्याचे दंतवैद्यांनी आरशात दाखवले. जिभेला ते दात गुळगुळीत आणि कडेला धारदार लागत होते. पोटातल्या आम्लाने कवच काही वेळ मऊ पडते आणि त्याच वेळी ब्रश फिरवला की ते खरवडले जाते, असे त्यांनी समजावले. उलटीनंतर पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्याच्या चुळा भरायच्या आणि अर्धा-एक तास थांबून मगच ब्रश करायचा, ही साधी गोष्ट मला आधी कोणीतरी सांगायला हवी होती.

ब्रश तोंडात गेला की उमासे येत असतील तर लहान मुलांचा ब्रश वापरावा, पेस्टचा वास सोसत नसेल तर काही दिवस नुसत्या पाण्याने घासावे आणि सकाळी जमत नसेल तर दुपारी घासावे. वेळ बदलली तरी चालते.

डोहाळ्यांबद्दलही सांगते. कैरी, चिंच, आवळा खावासा वाटला तर जेवणाबरोबर खावा. दिवसभर चिंचेची गोळी गालात धरून बसू नये. आमच्या शेजारची एक मुलगी पाटीवरच्या पेन्सिली आणि भाजकी माती खात असे. लाजेने कोणाला सांगत नव्हती. तिच्या दाढांची टोके झिजून सपाट झाली होती आणि हिमोग्लोबिन फार कमी निघाले.

प्रसूतितज्ज्ञ_वऱ्हाड

केवडाताईंनी महत्त्वाचे लिहिले. माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे पुष्कळदा लोहाच्या कमतरतेबरोबर दिसते. तिला रागावू नये, रक्त तपासावे.

कोयनाकाठ

मी ग्रामीण भागात परिचारिका आहे आणि येथे सर्वांना मऊ ब्रश आणि पेस्ट सुचवली जाते आहे, पण आमच्या भागातल्या कितीतरी बायकांच्या फळीवर अजूनही मशेरीची डबी असते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर घासत बसायचे, सकाळी एकदा आणि कामे आटोपली की पुन्हा. "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते" असे त्या मनापासून सांगतात, म्हणून "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला उत्तर "नाही" येते आणि केसपेपरवर तसेच लिहिले जाते. मी नेहमी "मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?" असे विचारते.

मशेरीने दात स्वच्छ होत नाहीत. हिरडी दाताला सोडून खाली उतरते आणि मुळे उघडी पडतात. हिरडी बधिर होत असल्याने दुखणे जाणवत नाही, त्यामुळे बाईला मशेरीने आराम पडतो असेच वाटत राहते. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जाते. मुंबईत १२१७ गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा करून झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन त्यात सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीही अधिक आढळल्या. हिरड्यांच्या उपचाराने वेळेआधीची प्रसूती टळते की नाही यावर वाद असेल, परंतु तंबाखू सोडण्याच्या फायद्यावर वाद नाही.

एकदम सोडणे जमत नाही, डोके दुखते, शौचाला होत नाही, चिडचिड होते. अशा बाईला मी आधी वेळा कमी करायला सांगते, डबी सासूच्या नव्हे तर तिच्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवायला सांगते आणि हाताला चाळा म्हणून ब्रश देते. घरातल्या सगळ्या बायका ओट्यावर बसून मशेरी लावत असतील तर एकटीने सोडणे कठीण आहे, म्हणून सासूशीही बोलावे लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी असते. त्या दिवशी डॉक्टर असतात, तेव्हा तोंड उघडून दाखवावे आणि जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागासाठी चिठ्ठी मागावी.

रानजाई

मला सहाव्या महिन्यात पुढच्या दोन दातांच्या मधल्या हिरडीवर लाल, मऊ गाठ आली. बघता बघता ती बोराएवढी झाली. भाकरीचा तुकडा लागला तरी रक्ताची धार लागायची. इंटरनेटवर त्याचे नाव शोधले तर त्यात "ट्यूमर" हा शब्द दिसला आणि घरात रडारड झाली. ती कर्करोगाची गाठ नसते, हे दंतवैद्यांनी सांगेपर्यंत आम्ही कोणी नीट जेवलो नाही. कृपया याबद्दल कोणीतरी अधिकाराने लिहावे, म्हणजे दुसऱ्या कोणावर ती वेळ येणार नाही.

दंतवैद्य_कृष्णाकाठ

रानजाईताई, ही गाठ १०० पैकी जास्तीत जास्त पाच गर्भवतींना होते. ती कर्करोग नव्हे. हिरडीतल्या रक्तवाहिन्यांची आणि पेशींची ती अतिवाढ असते आणि तेथे बहुधा किटण किंवा अडकलेले काहीतरी सापडते. आजूबाजूचे दात साफ केले की ती पुष्कळदा आटोक्यात राहते आणि प्रसूतीनंतर आकसते. चावताना सारखी मध्ये येत असेल किंवा रक्त थांबत नसेल तर गर्भारपणातही काढता येते, परंतु पुन्हा होण्याची शक्यता असते, म्हणून शक्य असल्यास आम्ही थांबतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांतही गेली नाही तर मात्र काढून तपासणीला पाठवावी.

नवा_बाबा

पत्नीला सातवा महिना आहे. नवरा म्हणून मी नेमके काय करावे?

कोयनाकाठ

दादा, दवाखान्याची वेळ तुम्ही घ्या, बरोबर जा आणि घरात कोणी "आता कशाला" म्हटले तर उत्तर तुम्ही द्या. सुनेने बोललेले घरात जड जाते. तुम्ही स्वतः तंबाखू, गुटखा किंवा सिगारेट घेत असाल तर तेही बंद करा. तुमचे दातही तपासून घ्या. दात किडवणारे जंतू मोठ्यांच्या लाळेतून बाळाच्या तोंडात जातात. तोच चमचा चाटून बाळाला भरवणे, चोखणी स्वतःच्या तोंडात घालून साफ करणे हे आई-बाबा दोघेही करतात.

दंतवैद्य_कृष्णाकाठ

सातव्या महिन्यानंतर खुर्चीवर पाठीवर सपाट झोपवले तर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, रक्तदाब उतरतो, घाम सुटतो आणि चक्कर येते. पत्नीच्या उजव्या कुशीखाली लहान उशी किंवा टॉवेलची गुंडाळी ठेवून तिला थोडे डावीकडे कलते बसवायला सांगावे, भेटी छोट्या ठेवाव्यात आणि अस्वस्थ वाटले तर लगेच डावीकडे वळवावे. दंतवैद्यांना हे ठाऊक असते, तरी आठवण करून देण्यात संकोच नसावा.

सोनचाफा

बाळंतपणानंतरच्या दिवसांबद्दलही लिहायला हवे, कारण उपचार ढकलले जातात ते "नंतर" म्हणून, आणि नंतर तर बाईला श्वास घ्यायला वेळ नसतो. रात्री दोनदा-तीनदा उठायचे, अंगावर पाजायचे, त्यात दवाखाना कोठे जमणार? शिवाय काही घरांत सव्वा महिना ब्रश लावू देत नाहीत, गार पाण्याने दात हलतात म्हणून कोमट पाण्याच्या चुळांवर भागवतात. त्याच वेळी डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, खीर असे गोड आणि चिकट खाणे दिवसभर चालू असते. लाडू जरूर द्यावेत, ते प्रेमाने आणि पोषणासाठीच केलेले असतात, पण खाल्ल्यावर चूळ भरावी आणि रात्री कोमट पाण्याने का होईना, ब्रश करावाच. बाळंतिणीच्या विड्यात सुपारी घालू नये. बडीशेप, बाळंतशेपा, ओवा, खोबरे पुरे. सुपारी कर्करोगकारक आहे हे आता सर्वमान्य आहे.

जुईली

एक्स-रेबाबत मी वर विरोध केला होता. माझ्या ओळखीच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारले आणि त्यांनीही दंतवैद्यांप्रमाणेच सांगितले. गरज असेल तर आवरण घालून काढावा, हे मला आता मान्य आहे. पांढरे करणे, वेडेवाकडे दात सरळ करणे असल्या हौशीच्या गोष्टींसाठी मात्र थांबावे, यावर सर्वांचे एकमत असावे.

दंतवैद्य_कृष्णाकाठ

एकमत आहे. त्यात आणखी एक जोडतो : पाऱ्याचे मिश्रण असलेली चांदीची जुनी भरणी गर्भारपणात विनाकारण उकरून काढू नये आणि नवीन भरायची झाल्यास दातांच्या रंगाचे साहित्य वापरावे.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा आम्ही घरात मोठ्याने वाचला. सासूबाईंनी आहारताईंचे कारण दोनदा वाचायला लावले आणि शेवटी "मशेरी होतीच आमच्यात" एवढेच म्हणाल्या. प्रसूतितज्ज्ञांनी चिठ्ठी लगेच दिली. दुसऱ्या दंतवैद्यांकडे भूल देऊन रूट कॅनालची पहिली बैठक झाली, किटणही काढले आणि त्याच रात्री ती शांत झोपली.

दोन शंका उरल्या आहेत. लोहाचे पातळ औषध सुरू केल्यापासून दातांच्या कडा काळसर दिसू लागल्या आहेत, ती कीड आहे का? आणि दाढेवर कॅप बसवायला आठव्या महिन्यात बोलावले आहे, तर ते तेव्हाच करावे की थांबावे?

दंतवैद्य_कृष्णाकाठ

काळसरपणा लोहाचा डाग आहे, कीड नव्हे, आणि तो साफ करताना निघतो. पातळ औषध नळीने दातांच्या मागे सोडून घ्यावे आणि लगेच चूळ भरावी, किंवा डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करावी.

रूट कॅनाल पूर्ण होऊन दाढ पक्क्या साहित्याने भरलेली असेल, तर आठव्या महिन्यात बराच वेळ तोंड उघडून बसण्याचा त्रास देण्याची गरज नाही. कॅप बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत बसवली तरी चालेल. तोपर्यंत त्या बाजूने चिक्की, कडक चकली, ऊस किंवा फुटाणे चावू नयेत, कारण नस काढलेली आणि पोखरलेली दाढ उभी चिरते आणि मुळापर्यंत चिरलेली दाढ काढावीच लागते. तात्पुरते भरलेले सिमेंट निघाले तर मात्र त्याच आठवड्यात दाखवावे.